डुक्कर फियाट आणि सोनकी : दसऱ्याच्या आठवड्यात मुंबई ते म्हैसूर

जुन्या गाड्या आणि रानफुलं एकाच प्रवासात बघायची म्हटली की पहिली अडचण पंचांगाची येते. सह्याद्रीतली फुलं पावसाची. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पठारं रंगलेली असतात, ऑक्टोबर सरता सरता सगळं गवत होतं. जुन्या गाडीचा मालक मात्र पावसात गाडीवरची ताडपत्रीही हलवत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा आधीच सडायला टपलेला असतो, त्यात चाकांच्या कमानीत चिखल कोण भरून घेईल? गाड्यांचे मेळावे आणि रॅल्या त्यामुळे थंडीत होतात आणि तेव्हा डोंगरावर बघायला काही नसतं.

या दोन हंगामांना जोडणारा एकच आठवडा आहे, दसऱ्याचा. वर्षभर गोठ्याशेजारी किंवा पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये पडलेली गाडीसुद्धा त्या दिवशी धुऊन बाहेर काढतात, हार घालतात, आणि चालू होत असेल तर एक चक्कर मारून आणतात. फुलंही, दसरा लवकर आला तर, अजून उभी असतात. इथेच गोम आहे. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता, तो उत्तम योग. २०२६ साली अधिक महिन्यामुळे तो २० ऑक्टोबरला सरकतो, २०२७ मध्ये ९ ऑक्टोबरला येतो. अधिक महिन्याचा हिशोब माणसाचा, फुलं पावसाचंच पंचांग पाळतात. उशिराच्या दसऱ्याला कासच्या गालिच्याची आशा सोडा आणि भर दक्षिणेकडे द्या. म्हैसूर-बेंगळूरु पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस भरपूर असतो, त्यामुळे आपल्याकडे सुकायला लागतं तेव्हा तिकडे रस्त्याकडेचं रान हिरवं असतं.

सहा दिवस धरा. पहिल्या दिवशी मुंबई ते सातारा, दुसरा दिवस कासचा, नवमीला कऱ्हाडमार्गे कोल्हापूर, दसरा कोल्हापुरात, पुढचे दोन दिवस बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत म्हैसूर. एका बाजूचं अंतर आडवाटा धरून हजार-अकराशे किलोमीटर होतं. यापेक्षा घाईत केलं तर ना गाड्या दिसतील ना फुलं, फक्त टोलनाके दिसतील.

निघताना द्रुतगती मार्ग घेऊ नका. त्यावर थांबायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. ज्यांना शंभरच्या वेगाने पुण्याला पोचायचंय त्यांच्यासाठी तो बांधलाय. पनवेल, खोपोली, बोरघाट, खंडाळा हा जुना रस्ता धरा. घाटात काही अंतर दोन्ही रस्ते एकत्र येतात, तिथे निमूट पुढे जायचं. पुण्यातून बाहेर पडताना बायपासऐवजी कात्रजचा जुना घाट आणि पुढे खंबाटकी. जुन्या रस्त्याचं महत्त्व भावनेपुरतं नाही. नव्या रस्त्याच्या कडेला मुरूम टाकून, वर शोभेची झाडं लावून सगळं सपाट केलेलं असतं. जुन्या घाटात डोंगराची कापलेली कड तशीच असते, तिच्यातून पाणी झिरपतं, आणि त्या ओल्या उतारावर तेरडा, कुर्डू, रानहळद उगवतात. गाड्यांचंही तसंच. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पंप, गॅरेजं आणि विश्रामगृहं जुन्या रस्त्यावरच आहेत, आणि जुन्या गाड्या तिथेच मुक्कामाला असतात.

गाडीत बसण्याची वाटणी आधीच करा. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा, त्याला "अरे ते बघ" म्हणायचं नाही. डावीकडे बसलेल्याकडे फुलं, मागे उजवीकडे बसलेल्याकडे समोरून येणाऱ्या गाड्या आणि पलीकडचे पंप-गॅरेज. घाटात चाळीसच्या आसपास वेग ठेवला तर फूल दिसतं. ओळखू येत नाही, पण "काहीतरी होतं" एवढं कळतं, आणि तेवढं पुरतं. लगेच ब्रेक मारायचा नाही. पुढे जागा बघून थांबायचं आणि चालत मागे यायचं. डांबराखाली उतरताना सावध. पावसाळ्याच्या शेवटी गवत गुडघाभर असतं आणि त्याखालची मोरी दिसत नाही. डावं चाक गेलं की जॅक लावायलाही जागा उरत नाही.

आता ओळख. मुंबईकराला पद्मिनी ओळखायला शिकवणं म्हणजे कोळ्याला बोंबील दाखवणं, तरी एक घोळ नेहमी होतो. सगळ्याच जुन्या फियाटना लोक 'पद्मिनी' म्हणतात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० निघत होती. पुढचं नाक फुगीर आणि खाली उतरतं असल्यामुळे त्या सुरुवातीच्या गाड्यांना मुंबईत 'डुक्कर फियाट' हे नाव पडलं. नाव प्रेमाचंच आहे, पण मालकासमोर आधी त्याने वापरलं तरच वापरा. तीच गाडी पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा नावांनी सुधारत गेली. साठच्या दशकात चौकोनी, सरळ रेषांची ११००-डी आली, तिचंच नाव पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झालं. लांबून ओळखायची सोपी खूण दरवाजाची. डुक्कर फियाटचा पुढचा दरवाजा उलटा उघडतो, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला, मधल्या खांबावर. पद्मिनीचे चारही दरवाजे नेहमीसारखे पुढून बिजागरलेले. गाडी उभी असेल आणि हँडल दरवाजाच्या पुढच्या टोकाला दिसलं, तर उलटा दरवाजा समजा. दरवाजा उघडायला सांगायचीही गरज नाही.

काळीपिवळी म्हणून पद्मिनी आता दिसणार नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनीला तसा वयाचा फास नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवत नेता येते, त्यामुळे सातारा-कऱ्हाड भागात डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर किंवा वकिलांच्या वाड्यात ती अजून सापडते. बघताना आत डोकवा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आहे का? पुढची सीट सलग बाकासारखी आहे का? दोन्ही असेल तर गाडी बऱ्यापैकी मूळची. जमिनीवर गिअर, अलॉय चाकं, वेगवेगळ्या सीटा दिसल्या तर बदल झालेत. तो काही गुन्हा नव्हे, पण नोंद करताना तसं लिहावं. मूळ टायरचं माप ५.२०-१४, म्हणजे अगदी अरुंद. पद्मिनीच्या कमानीत रुंद टायर भरलेला दिसला की गाडी लगेच वेगळी वाटते, पुष्कळदा कारण न कळता.

अँबॅसिडरचं वय समोरच्या जाळीवरून काढतात. १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत ही गाडी उत्तरपाड्याला बनली आणि अंगकाठी शेवटपर्यंत मॉरिस ऑक्सफर्डचीच राहिली, त्यामुळे बाकी खुणा फसवतात. १९६०च्या दशकातल्या मार्क टूची जाळी बारीक चौकटींची. १९७५ नंतरच्या मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या. १९७९च्या मार्क फोरला पुन्हा चौकटी, पण बाजूचे पार्किंग दिवे चौकोनी. मात्र जाळी चार बोल्टांवर असते आणि चोर बाजारात मिळते. मार्क फोरला मार्क टूची जाळी लावून गाडी दहा-पंधरा वर्षांनी म्हातारी करणारे पुष्कळ आहेत. म्हणून जाळीसोबत डॅशबोर्डही बघा आणि मालक दाखवत असेल तर इंजिनखोलीतल्या आडव्या पत्र्यावरची चॅसीची पट्टीही.

जीपच्या बाबतीत तर कोणावरच विश्वास ठेवू नये. प्रत्येक गावात एक 'दुसऱ्या महायुद्धातली विलीज' असते. युद्धातल्या विलीजच्या दाबून काढलेल्या जाळीला नऊ फटी असतात आणि बॉनेट बुटकं, सपाट. हेडलाइट आतून बिजागरीवर उलटा फिरवता येतो, म्हणजे रात्री त्याच्याच उजेडात इंजिन दुरुस्त करता यावं. नागरी जीपला सात फटी. महिंद्रने वर्षानुवर्षं बनवली ती सीजे-३बी, तिचं बॉनेट उंच, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच. उंच बॉनेटवर नऊ फटींची जाळी दिसली तर तो जोडकामाचा नमुना.

नंबरपाटीवरूनही बरंच कळतं. १९८९ मध्ये नवीन मोटार कायदा लागू झाला आणि एमएच-०१ पद्धतीचे क्रमांक आले. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. मुंबईच्या जुन्या गाड्यांवर 'बीएम' किंवा 'एमआर'ने सुरू होणारी पाटी दिसते. आता एक नवीन पाटीही भेटेल. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि नव्याने नोंदवलेल्या अशा गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, आधी नोंदलेलीला जुना क्रमांक ठेवता येतो. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोज बाजारहाटाला वापरायची परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी ती रस्त्यावर येऊ शकते. त्यामुळे 'व्हीए' पाटी महामार्गावर दिसली तर पुढे कुठेतरी मेळावा किंवा चांगला मिस्त्री आहे असं समजा, आणि पुढच्या पंपावर चौकशी करा. गाड्यांचे जुने शौकीन 'व्हिंटेज' हा शब्द १९१९ ते १९३० एवढ्यापुरताच वापरतात आणि १९७५च्या पद्मिनीला व्हिंटेज म्हटलं की नाक मुरडतात. कायद्याच्या हिशोबाने मात्र तीही आता पात्र आहे.

घाटमाथ्यावर बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी म्हणजे बघण्याची सर्वांत चांगली संधी, फक्त आधी मदत विचारायची आणि मग कॅमेरा. कारण बहुतेक वेळा एकच असतं. कार्ब्युरेटरला पेट्रोल देणारा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो, चढावर तो तापतो, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. बॅटरी ठीक, स्पार्क ठीक, तरी गाडी चालू होत नाही. उपाय साधा आहे. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. या वेळात कोणी रेडिएटरचं झाकण उघडायला जात असेल तर अडवा. आतलं पाणी दाबाखाली उकळतं असतं, झाकण फिरवलं की ते थेट तोंडावर येतं. दुसरं नेहमीचं दुखणं पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांचं. फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी. टोकं झिजली की फट बदलते, ठिणगी कमजोर पडते आणि चढावर गाडी धक्के देते. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पॉलिश पेपरचा तुकडा तुमच्या गाडीत असेल तर जुन्या गाडीचा मालक तुम्हाला जन्मभर विसरणार नाही, आणि फोटोही हवे तितके काढू देईल.

उतारावरची काळजी वेगळी. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. लांब उतारावर ड्रम तापतात आणि पकड सुटत जाते. अशी गाडी तुमच्या मागे असेल तर तिच्यासमोर अचानक थांबू नका. फोटोसाठी पुढे जाऊन ब्रेक मारणं हा तर शुद्ध आचरटपणा.

फुलांकडे वळू. साताऱ्यापासून कास साधारण २५ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून. उंची १,२०० मीटरच्या आसपास. हंगामात ऑनलाइन आरक्षण लागतं आणि दिवसाला माणसांची संख्या ठरलेली असते. शनिवार-रविवार टाळा आणि सकाळचीच वेळ घ्या. पठार म्हणजे जांभ्याचा सडा, त्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. झाडं तिथे रुजू शकत नाहीत, म्हणूनच फुलांचं फावतं. पाणी साचतं, पण मातीत सत्त्व नाही. त्यावर 'सीतेची आसवे' नावाच्या वनस्पतीने काढलेला तोडगा असा, की वर निळीजांभळी नाजूक फुलं आणि खाली मुळांच्या जागी बारीक फुगे. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की आत ओढला जातो आणि पचतो. दवबिंदू ही दुसरी कीटकभक्षी, तिच्या पानांवरच्या चिकट थेंबांत चिलटं अडकतात. बोटभर मातीचा हा संसार एका बुटाच्या दाबाने संपतो. आखलेली पायवाट सोडून 'फक्त एक फोटो' घ्यायला उतरलेल्या माणसाच्या पावलाखाली पुढच्या वर्षीचे कंद आणि बियाही जातात.

गालिच्यातले रंग असे वाचायचे. जांभळट निळा असेल तर सीतेची आसवे. पांढऱ्या गुंड्या सरळ काड्यांवर असतील तर गेंद. गुलाबी पट्टे तेरड्याचे. पिवळ्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी असतात. लहान फुलात वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके दिसले तर कवला, ज्याला हल्ली सगळे मिकी माऊस म्हणतात. सूर्यफुलाची धाकटी बहीण वाटावी असं गोल फूल असेल तर सोनकी. कवला शेंगवर्गातला, म्हणजे वाटाण्याच्या नात्यातला, सोनकी सूर्यफुलाच्या. कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जायला वेळ ठेवा. पांढऱ्या पाकळ्यांना लोकरीसारखी झालर असलेली कुमुदिनी तिथे पाण्यावर असते. तिला कमळ म्हणू नका, ती कमळाच्या कुळातली नाही.

कारवीबद्दल दरवर्षी विचारलं जातं. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच, एका भागातली सगळी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. वेगवेगळ्या डोंगरांचं वेळापत्रक वेगळं असतं, म्हणून बोरिवलीच्या हिशोबाने साताऱ्याला जाऊ नका. आणि बोरिवलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव 'क्लोरोफायटम बोरिविलियानम' आहे. ज्या गावाला लोक फक्त लोकलच्या गर्दीसाठी ओळखतात, त्याचं नाव वनस्पतिशास्त्रात कायमचं कोरलेलं आहे.

फूल ओळखण्यात नवखे एकच चूक करतात. फुलाचा सुंदर जवळचा फोटो काढतात आणि बाकी झाड विसरतात. तज्ज्ञाकडे तो फोटो पाठवला की उत्तर येतं, 'पान कुठे आहे?' प्रत्येक झाडाचे सहा फोटो हवेत. फूल समोरून, फूल बाजूने, पान वरून आणि खालून, खोडावर पानं समोरासमोर आहेत की आलटून-पालटून ते दिसेल असा एक, आणि शेवटी झाड जिथे उगवलंय ती जागा. तेरड्यात तर बाजूचा फोटो नसेल तर काहीच सांगता येत नाही, कारण जाती ओळखायला फुलामागच्या शेपटीसारख्या नळीची लांबी आणि वळण लागतं. मापासाठी फुलाशेजारी दहा रुपयांचं नाणं धरा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर. दहा पट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग बरोबर असू द्या. गेंदाच्या गुंडीत किती फुलं दडली आहेत ते त्याशिवाय दिसत नाही. गाडीलाही हाच नियम लावा. समोरची जाळी, बाजूने दरवाजांसकट पूर्ण गाडी, मागचे दिवे, काचेतून डॅशबोर्ड, आणि ती उभी आहे ती जागा. नुसत्या चकचकीत बिल्ल्याचा फोटो म्हणजे पान नसलेलं फूल.

रस्त्याकडेला पिवळं-केशरी काही डोलताना दिसलं की लगेच सोनकी म्हणून नाचू नका. महामार्गालगत कंबरभर उंच, केशरी, पाच-सहा सेंटिमीटरचं फूल आणि गाजरासारखी चिरलेली पानं असतील तर तो कॉसमॉस, मेक्सिकोचा. सोनकी गुडघ्याएवढी, फूल त्याच्या निम्म्याहून लहान, पान अखंड आणि कडेला दातेरी. कॉसमॉस दिसायला देखणा असला तरी जिथे पसरतो तिथे खालच्या गवताला आणि रानफुलांना जागा ठेवत नाही. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत ही त्याचीच भावंडं, स्वभावाने. (गाडीला घालतो तो झेंडूही मेक्सिकोचाच, पण तो आपल्या दारात राहतो, डोंगर चढत नाही.) कुर्डू मात्र बेधडक टिपा. गुलाबी-पांढरे मेणबत्तीसारखे तुरे शेताच्या बांधावर ऑक्टोबरभर टिकतात, म्हणजे उशिराच्या दसऱ्यालाही ते हमखास मिळतात. कळलावीला हात लावू नका. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पानाच्या टोकाला वेलीसारखा आकडा, आणि झाडाचा प्रत्येक भाग विषारी, कंद सर्वांत जास्त.

नवमीला कोल्हापुरात पोचायचं ते दुपारच्या आत. खंडेनवमीला शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत यंत्रं, पाने, जॅक, सगळं पुसून-धुऊन पूजेला मांडलेलं असतं. जुन्या गाड्यांचे न मिळणारे भाग ओतून, कातून देणारे कारागीर अशाच भागात असतात, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे बोलायला वेळ असतो. काम मात्र करणार नाहीत. नवमी-दसऱ्याला कुठलंच गॅरेज हातात पाना धरत नाही. पूजेला ठेवलेलं हत्यार उचलायचं नाही, हा नियम आहे. म्हणून फॅनबेल्ट, फ्यूज, पंक्चरचं सामान, एक लिटर इंजिन ऑइल मुंबईतूनच घ्या. नवी गाडी असली तरी घ्या.

दसऱ्याची सकाळ पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर काढा. इथे कासएवढी गर्दी नाही, म्हणून जबाबदारी जास्त. गाडी पठारावर चढवू नका, वाट दिसत असली तरी. सड्यावरच्या चाकोरीत पाणी वाहू लागलं की ती माती परत येत नाही. जेवून चारच्या आधी दसरा चौकाजवळ पोचा, गाडी लांब लावून चालत. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मंडळी मेबॅक गाडीतून येतात. गाडी राजाराम महाराजांच्या काळातली. अशी गाडी एरवी दोरीपलीकडून, संग्रहालयाच्या पांढऱ्या दिव्याखाली बघायला मिळते. इथे ती स्वतःच्या चाकांवर चालत येते, माणसांच्या गर्दीतून, पहिल्या गिअरमध्ये. समोरच्या बिल्ल्यावर एकात एक गुंफलेले दोन एम शोधा. फोटो काढायचा तर चौकात शिरतानाचा. सूर्यास्ताला शमीपूजन झालं की सोनं लुटायला जी झुंबड उडते, तीत कॅमेरा सांभाळणंच कठीण.

सोन्यावरून एक गोष्ट. बाजारात आपट्याच्या नावाखाली बरंच कांचन विकलं जातं. आपट्याचं पान लहान, कडक, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, तळहाताच्या जवळ जाणारं, लांबट. रस्त्यात आपट्याचं झाड दिसलं तर फोटो घ्या, फांदी नको.

मेबॅक की म्हैसूरची जंबोसवारी, हा प्रश्न पडतोच, कारण दोन्ही एकाच दिवशी. गाड्यांसाठी निघाला असाल तर कोल्हापूर. म्हैसूर नंतरही तिथेच आहे.

कोल्हापूरपुढे बेळगाव ओलांडलं की जांभा संपतो, धारवाड-हुबळीला काळी माती सुरू होते आणि फुलांची यादीच बदलते. इथला राजा तरवड. कोरड्या माळावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोनपिवळ्या फुलांचं झुडूप दिसेल, कमरेपासून डोक्याएवढं. त्याची साल पूर्वी कातडी कमवायला वापरत. सोबत रुई, पिवळा धोत्रा आणि कुंपणावर निळी गोकर्ण. या पट्ट्यात एका गोष्टीची खबरदारी घ्या. कर्नाटकात आयुधपूजेला प्रत्येक वाहनासमोर कोहळा फोडतात, आत कुंकू भरून, आणि चाकाखाली लिंबं चिरडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा गॅरेजं, ट्रक टर्मिनल आणि पंपांसमोरच्या रस्त्यावर तो चिकट लगदा पडलेला असतो. पाऊस झाला की साबणासारखा घसरतो. तिथे वळणावर ब्रेक नको. फायदा एवढाच की केळीचे खांब आणि हार अजून गाड्यांवर असतात, त्यामुळे शेडमधली जुनी लॉरी किंवा स्टँडर्ड हेरल्ड लांबूनच झळकते. हेरल्ड असेल तर मालकाला बॉनेट उघडायची विनंती करा. तिचं पुढचं सगळं तोंडच, मडगार्डासकट, पुढे कलंडतं आणि इंजिन उघड्यावर येतं. मद्रासच्या कारखान्यातली ही गाडी दक्षिणेतच जास्त दिसते.

शेवटचा मुक्काम श्रीरंगपट्टणजवळ, म्हैसूर-बेंगळूरु रस्त्यालगतचं 'पयण' हे २०२३ मध्ये सुरू झालेलं मोटारींचं संग्रहालय. संग्रह धर्मस्थळच्या वीरेंद्र हेग्गडे यांचा, इमारत चाकाच्या आकाराची. रस्त्यावर अर्धवट ओळखलेल्या गाड्यांच्या खुणा इथे शांतपणे ताडून बघता येतात, म्हणून हे सुरुवातीला नव्हे, शेवटी बघावं.

जागांबद्दल तोंड बंद ठेवा. कुठल्या शेडमध्ये बेवारस वाटणारी डुक्कर फियाट पडलीय हे नकाशासकट टाकलं, की महिन्याभरात तिचे दिवे, बिल्ले आणि कार्ब्युरेटर गायब होतात. कंदीलपुष्पाचंही तेच होतं, त्याचे कंद लोक खणून खातात आणि वेल तिथून कायमची जाते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना दुर्मीळ वनस्पतीचं ठिकाण झाकायची सोय आहे, ती वापरा. गाडीच्या फोटोत पाटी पुसा, गावाऐवजी तालुका लिहा.

परत निघण्याआधी गाडी खालून धुऊन घ्या, वरून नव्हे. कमानींच्या आत, चिखलपट्ट्यांमागे, फूटरेस्टच्या खाली पाण्याचा जोर मारून. त्या चिखलात गाजरगवत आणि कॉसमॉसचं बी असतं, ते पुढच्या वेळी तुमच्याच टायरवर बसून पठारापर्यंत जातं. आणि तोच चिखल ओल धरून पत्रा आतून खातो. बुटांचे तळही ब्रशने घासा. हे काम पठारावर जाण्याआधी साताऱ्यातही एकदा करायचं असतं, पण ते बहुतेकांच्या लक्षात परतीच्या वाटेवरच येतं.